मदत हवी आहे: ऑफिसात दूध काढायला जागाच नाही
मैत्रिणींनो, २६ आठवड्यांची रजा संपवून परवाच कामावर रुजू झाले. बाळ साडेपाच महिन्यांचं, अजून फक्त अंगावरच पितं. अकराच्या सुमारास पान्हा दाटतो, छाती दगडासारखी होते, कुर्ता भिजतो. मग टॉयलेटमध्ये उभं राहून पंपाने दूध काढते आणि ओतून देते. लेकराच्या तोंडचं दूध बेसिनमध्ये जाताना बघवत नाही हो.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी, दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाऊ द्यायला हवं. आम्ही ७० जण आहोत. एचआर म्हणतं, "बघू."

कुणी लेखी अर्ज केलाय का? मजकूर काय होता? निदान कडी लागणारी एक खोली आणि फ्रीजमध्ये एक कप्पा तरी कसा मिळवलात?