प्रतिसाद: ओढून पाहणं म्हणजे तपासणी नव्हे

बकल सदोष म्हणून कंपनीनं परत मागवलेला गिर्यारोहणाचा हार्नेस "ओढून पाहिला, पट्टा सरकला नाही, वापरतो" असं वर कुणी लिहिलंय. नका वापरू. ईएन १२२७७ या युरोपियन मानकानुसार सिट हार्नेसची (कमर आणि मांड्यांभोवती बांधायच्या हार्नेसची) चाचणी १५ किलोन्यूटनला, म्हणजे साधारण दीड टन ताणावर होते; हाताची ओढ त्याच्या आसपासही जात नाही. शिवाय असं बकल दरवेळी तुटतंच असं नाही. ताण येतो-सुटतो तसा पट्टा त्यातून थोडाथोडा सरकत जातो, शेपूट (बकलबाहेर उरलेलं पट्ट्याचं टोक) आखूड होत जाते आणि लक्षातही येत नाही.

कमरेच्या पट्ट्याच्या आतलं लेबल बघा, मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादनाची तारीख कंपनीच्या परत मागवलेल्या मालाच्या यादीशी जुळवा. लेबल पुसलंय? मग हार्नेस बाद. घरी टाके घालायचा उद्योग तर नकोच.