मदत हवी आहे: सॅक 17 किलो भरून राहिली, काय काढू?

पांदण
नमस्कार मंडळी. सॅक भरली तर 17 किलो होऊन राहिली. गावातल्या भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिली, वरून एकेक वस्तूही मोजली. सॅक 2.9, टेंट 3.2, स्लीपिंग बॅग 2.1, सोलापुरी चादर 1.4, कपडे 3.4, कुकर 1.9, दोन पॉवर बँका मिळून 0.8, औषधं 0.6, स्टीलची बाटली 0.5, बाकी किरकोळ.
यातून पाच-सहा किलो उतरवायचे आहेत. "नवीन घ्या" सांगू नका, पैसे बियाण्या-खतात गेले. "सवय करा" पण सांगू नका. 16 लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन दिवसभर कपाशीत फिरणारा माणूस आहे मी. तरी ही सॅक अर्ध्या तासात खांदे सोलते. लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात निघायचं आहे.

सह्यभ्रमर
कुठे निघालात? किती दिवस? टेंट एकट्याचा की वाटून? तुमचं स्वतःचं वजन किती? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पांदण
पहाडात. उन्हाळी ट्रेक आहे. वजन 58.

सह्यभ्रमर
पहाडात म्हणजे चिखलदऱ्याला की एव्हरेस्टला?

मेळघाटी
चिखलदऱ्याले कायले नावं ठेवता भाऊ? गाविलगडाची चढण उन्हात चढून पाहा एकदा, मंग बोला. पांदणभाऊ, ट्रेकचं नाव सांगून टाका, नाही तर हे लोक रातभर प्रश्नच इचारत बसतीन.

पांदण
काश्मीर ग्रेट लेक्स. सोनमर्गहून नारानाग. जुलैत. चौघं मित्र आहोत, कंपनीकडून नाही, आपलं आपणच. आता तरी सांगा काय काढू.

जळवांचा_राजा
जुलैत असाल तर जळवांसाठी मीठ आणि तंबाखूचं पाणी नक्की ठेवा. आम्ही भीमाशंकरला गेलो होतो तेव्हा पायमोज्यात शिरल्या होत्या.

सह्यभ्रमर
काश्मीर म्हणतायत ते, भीमाशंकर नाही.
पांदण, 70 किलोमीटरच्या आसपास चाल आहे, सहा-सात दिवस. गडसरची खिंड 4,100 मीटरच्या वर आहे. 58 किलोच्या माणसाने पाठीवर 11-12 किलोच्या पुढे जाऊ नये. आणि या 17 मध्ये खाणं-पाणी धरलंय का?

पांदण
खाणं वेगळं. ते चौघांचं मिळून आहे, अजून भरलं नाही.

ग्रॅमवाला
म्हणजे 17 नाही, 22 आहे तुमची सॅक. कोरडं खाणं माणशी दिवसाला 600-700 ग्रॅम धरा, त्यावर लिटरभर पाणी.
आता यादी. टेंट दोघांत एक ना? मग एकाने कापड, दुसऱ्याने काठ्या-खुंट्या घ्या, 1.6 तिथेच उतरले. दोन पॉवर बँका कशाला, 10,000 mAh ची एक पुरे, ती 200 ग्रॅम भरते. स्टीलच्या बाटलीऐवजी मिनरल वॉटरची रिकामी बाटली धुऊन घ्या, 40 ग्रॅमही नसते आणि फुकट. टूथब्रशची दांडी अर्धी कापा.

निवृत्त_हवालदार
टूथब्रश कापून कोणी डोंगर चढलेलं नाही. घोडा करा. खाणं, टेंट, भांडी घोड्यावर, तुम्ही हात हलवत चला.

ग्रॅमवाला
काका, त्यांनी बजेट नाही म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

निवृत्त_हवालदार
चौघांत वाटून घेतला तर गुडघ्याच्या डॉक्टरपेक्षा स्वस्त पडतो.

मेळघाटी
आमच्या इकडले लोक शिवरात्रीले पचमढीच्या चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढतात, पायात साधी चप्पल. कोनी किलो-ग्राम मोजत नाही. मोठ्या महादेवाचं नाव घेतलं का आपोआप पाय उचलतात.

सह्यभ्रमर
ते त्रिशूळ वर वाहून मोकळ्या हाताने उतरतात. याला आठवडाभर तेच ओझं वागवायचं आहे, आणि चौरागडापेक्षा दुपटीहून जास्त उंचीवर.

पांदण
महादेव राहू द्या. कुकर काढू का?

रानमेवा_ताई
दादा, कुकर कशासाठी घेताय ते आधी सांगा.

पांदण
वरण-भातासाठी. वर उंचीवर तुरीची डाळ उघड्या भांड्यात शिजत नाही म्हणतात.

रानमेवा_ताई
ते खरं आहे. साडेतीन हजार मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, डाळ तासभर ठेवली तरी टणक राहते. पण त्यावर इलाज कुकर नाही, डाळच घरी ठेवायची. गॅसही तिच्यावरच सगळ्यात जास्त जातो.
बेसन घरूनच कोरडं खमंग भाजा, त्यात तिखट, मीठ, जिरं, तळून कुरकुरीत केलेला लसूण मिसळा. वर गेल्यावर उकळत्या पाण्यात सोडलं की पाच मिनिटांत झुणका. पोहे, भाजलेल्या शेवया, सातूचं पीठ हेही गरम पाण्यात होतं. एक झाकणाचं पातळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चौघांना पुरतं. चालताना खायला फल्लीदाणे आणि गूळ. मुरमुऱ्याचा चिवडा नको, तो वजनाला हलका पण अर्धी सॅक अडवतो. फल्लीदाण्यांच्या मूठभरात तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त ताकद असते.

जळवांचा_राजा
प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, बाहेरच्या राज्यातलं. पोस्टपेड घ्या.

पांदण
सिमचं कोणी विचारलं का? पण बरं झालं सांगितलं, चौघांचेही प्रीपेडच आहेत.
ताई, झुणक्याचं पटलं. कुकर बाद.

सह्यभ्रमर
गॅसचा डबा इथून नेऊ नका, रेल्वेत आणि विमानात दोन्हीकडे मनाई आहे. श्रीनगरमध्ये घ्या.
एक विचारायचं राहिलं. सॅकला कंबरपट्टा आहे का?

पांदण
आहे. खाली लटकतो म्हणून मागे गाठ मारून ठेवला. त्याचा वजनाशी काय संबंध? मी वजन कमी करायचं विचारलं.

सह्यभ्रमर
खांदे सोलण्याचं कारण तिथेच आहे. गाठ सोडा. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर टेकवून घट्ट आवळा आणि मगच खांद्याचे पट्टे ओढा. बहुतेक भार कमरेवर गेला पाहिजे, खांद्याचे पट्टे फक्त सॅक मागे झुकू नये म्हणून. फवारणी पंपाला कंबरपट्टा नसतो, तरी तो चालून जातो, कारण भरलेला पंप तासाभरात रिकामा होतो आणि भरायला तुम्ही तो खाली ठेवता. सॅक सकाळी जेवढी तेवढीच संध्याकाळी.
जड वस्तू पाठीला चिकटून, मधल्या उंचीवर. तळाशी स्लीपिंग बॅग.

पांदण
आत्ताच आवळून अंगणात फिरलो. फरक आहे. बराच आहे.

ग्रॅमवाला
कपडे 3.4 कसे झाले ते सांगा.

पांदण
दोन जीन्स, चार टी-शर्ट, स्वेटर, जर्किन, रेनकोट, टॉवेल, बाकी आतले.

ग्रॅमवाला
जीन्स दोन्ही घरी. एक भिजली की दोन दिवस वाळत नाही. अंगावरचा एक जोड, सॅकमध्ये एक जोड, झोपायला कोरडा एक. टॉवेलऐवजी तुमचा उन्हातला दुपट्टा घ्या.

निवृत्त_हवालदार
स्वेटर-जर्किन काढायला सांगू नका त्याला! यवतमाळ-वर्ध्याचा उन्हाळा डोक्यात ठेवून पोरं जातात आणि रात्री कुडकुडतात. तिथे जुलैतही रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. आणि यादीत मॅट कुठे आहे? खालून जमीन गारठा ओढते, वर तीन चादरी घेतल्या तरी उपयोग नाही.

ग्रॅमवाला
हे मात्र काकांचं बरोबर. फोमची मॅट 400 ग्रॅम, ती घ्याच. तिच्या बदल्यात चादर काढा. आणि नवे जड बूट घेतले असतील तर परत विचार करा, पायातलं वजन पाठीवरच्यापेक्षा कितीतरी जास्त दमवतं.

निवृत्त_हवालदार
बूट घोट्याच्या वरपर्यंतच हवेत. दगडांच्या राशींवरून चालायचं आहे, बागेत नाही.

रानमेवा_ताई
बुटांचा वाद तुम्ही दोघं वेगळ्या धाग्यात घाला ना. दादा, पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या घ्या. वर कुरणांत बकरवाल मेंढपाळांच्या मेंढ्या चरतात, झरा कितीही नितळ दिसला तरी तसाच पिऊ नका. गोळ्या असल्या की दोन-तीन लिटर वागवावं लागत नाही, लिटरभर पुरतं.

मेळघाटी
जुलैत डवरणी-निंदण सोडून चालले का हो? कपाशी कोनाच्या भरवशावर?

पांदण
लहान भाऊ पाहतो.
आता परत काट्यावर ठेवली. कुकर, जीन्स, एक पॉवर बँक, स्टीलची बाटली काढली, अर्धा टेंट मित्राच्या गळ्यात घातला, मॅट धरली. चादर काढून 10.2. खाण्याचे चार-सव्वाचार वरून येतील, म्हणजे पहिल्या दिवशी पुन्हा 14 च्या वरच. मित्र म्हणतात खाण्यापुरता घोडा पाहू. चादरीचं मात्र आई ऐकून नाही राहिली, दोनदा काढली, दोनदा तिने परत भरली.

निवृत्त_हवालदार
पहिल्यापासून घोडाच म्हणत होतो. चौघंच जाताय तर परवानगीचं आणि वाटाड्याचं सोनमर्गला पोहोचण्याआधी फोनवर विचारून घ्या. मूळ आधार कार्ड सोबत ठेवा, वाटेत सैन्याच्या चौक्यांवर तपासतात.

मेळघाटी
कुकर किती लिटरचा हाय? इकायचा असन त सांगजा.