बोटीला पेट्रोल इंजिनासोबत ट्रोलिंग मोटर लावू का?

ऐरोलीकडून खाडीत गळाला जातो, १४ फुटी फायबर बोट, ९.९ एचपीचं पेट्रोल इंजिन. जिताड्याच्या जागेवर पोचेपर्यंत इंजिनाची घरघर ऐकून मासा गायब, म्हणून १२ व्होल्टची, ५५ पौंड जोर (थ्रस्ट) देणारी ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी बिनआवाजाची छोटी मोटर, घ्यायचा विचार चाललाय. इंजिन स्टार्टची बॅटरी हिलाच चालेल का?

खाडीकर: अजिबात नको दादा! स्टार्टिंग बॅटरी झटका द्यायला असते, तासन्‌तास करंट द्यायला नाही, संध्याकाळी इंजिन उठणार नाही आणि चिखलात बसाल (मी बसलोय, सहा तास, डास मोफत). वेगळी डीप सायकल बॅटरी (हळूहळू बराच वेळ करंट देणारी) घ्या. फुल स्पीडला ही मोटर साधारण ५० अँपिअर खाते, म्हणजे १०० एएचची (अँपिअर-तास) लेड अ‍ॅसिड खराब होऊ नये म्हणून अर्धीच वापरायची म्हटलं तर जेमतेम तासभर, हळू चालवली तर मात्र बरीच पुरते.

दिवाळ्याचा बंड्या: आणि उधाणाच्या ओहोटीत मोटरच्या भरवशावर राहू नका, पाणी ओढून नेतं. आम्ही इंजिनाने वरच्या अंगाला जातो, बंद करतो, मग मोटरने फक्त बोट सरळ धरत कांदळवनाच्या कडेने खाली येतो. इंजिनावर पळताना मोटर वर उचलून घ्या, नायतर माउंट तुटेल.

प्रश्नकर्ता: खाऱ्या पाण्याचं काय?

खाडीकर: सॉल्टवॉटरवालीच घ्या, झिंक अ‍ॅनोड (मोटरऐवजी स्वतः गंजणारा जस्ताचा तुकडा) बघत राहा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पंखा काढून शाफ्टला गुंडाळलेली तंगूस (गळाची नायलॉन दोरी) पण बघा, ती सील कापते.