सल्ला हवा: सोसायटीतल्या मुलांना (आणि आजी-आजोबांना) नॅशनल पार्कात न्यायचंय, पण सहल नको

चाळीतली_चिमणी
नमस्कार मंडळी. राहायला बोरिवली पूर्वेला. आमच्या गच्चीवरून संजय गांधी नॅशनल पार्कची झाडी दिसते, पण सोसायटीतल्या पोरांचं जंगल म्हणजे टीव्हीवरचं आफ्रिका. झेब्रा सगळ्यांना ओळखता येतो, समोरचं ऐनाचं झाड एकालाही नाही. (मलाही येत नव्हतं, तेव्हा फार बोलत नाही.)

गेल्या वर्षी एका आयोजकाला पैसे देऊन सहल काढली होती. साठ मुलं, दोन बसेस, माईकवर शिट्ट्या. कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्यांवर वेफर्स वाटले, माकडाने एकीची अख्खी पिशवी पळवली, रडारड. घरी आल्यावर लेकाला विचारलं, काय काय पाहिलंस? तर म्हणे, "माकड. आणि बिबट्या नाही दिसला."

यंदा स्वतःच करायचं म्हणतेय. ८ ते १३ वयाची चौदा मुलं, चार ज्येष्ठ (एकीचे गुडघे दुखतात), महिन्यातला एक रविवार, बजेट जेमतेम. निम्मे पालक बिबट्याच्या नावाने घाबरतात. कुठे जावं, कोणाला सोबत घ्यावं आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन करायचं काय?

रानवेडा
चौदा हा आकडा झकास आहे, याच्यावर एकही वाढवू नका. मागे चालणाऱ्याला पुढच्याचं बोलणं ऐकू आलं नाही की तो मोबाइल काढतो.

पहिला फोन उद्यानातल्या निसर्ग माहिती केंद्राला करा. उद्यानातली शिलोंड्याची पायवाट हवी असेल तर आधी परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो, आपापलं घुसायचं नाही. सोमवारी उद्यान बंद. दुसरा पर्याय म्हणजे गोरेगावला फिल्मसिटीजवळचं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र. संस्था १८८३ची, केंद्र थेट जंगलाला लागून, माणसं जाणकार. नावनोंदणी आधी करावी लागते. गुडघेवाल्या काकूंसाठी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान: ३७ एकर, सपाट वाटा. तिथे पूर्वी कचऱ्याचा डेपो होता हे मुलांना सगळं फिरून झाल्यावर सांगा, आधी नको.

पण यादी करून एकेक जागा "उरकू" नका. एकच वाट निवडा आणि वर्षभर तिथेच जा. पहिल्या खेपेला पोरं कंटाळतील. तिसऱ्या खेपेला तीच तुम्हाला सांगायला लागतील, की गेल्या वेळी इथे पाणी होतं.

कांदेपोहे
पुण्यात असं काही आहे का? वेताळ टेकडी सोडून.

रानवेडा
@कांदेपोहे, वेगळा धागा काढा, तिथे बोलू. वेताळ टेकडी सोडायची मात्र कशाला?

उगाच_एक
विरोधी मत नोंदवतो. सर्वात उत्तम पर्यावरण शिक्षण म्हणजे जंगलात न जाणं. १०० चौरस किलोमीटरच्या आसपासचं रान, तिन्ही बाजूंनी शहर, आणि रविवारी गेटवर जत्रा. अजून चौदा जण कशाला?

येऊरकर
@उगाच_एक, तुमचा राग समजतो. मी ठाण्याच्या बाजूचा. आमच्याकडे शनिवारी रात्री डोंगरावरच्या पार्ट्यांच्या डीजेने घरातल्या खिडक्या थरथरतात. पण तो डीजे लावणारा लहानपणी कधी या जंगलात गप्प बसला असेल का हो? पाच मिनिटं तरी? तुम्ही म्हणता तसं कोणीच गेलं नाही तर उद्या इथून रस्ता काढायचा ठरला की "आमचं जंगल" म्हणायला उरणार कोण? माहेर न पाहिलेल्या सुनेला सासरच्यांनी माहेरचं कौतुक सांगावं, तशातली गत.

उगाच_एक
उपमा गंडली, पण मुद्दा पोचला. चौदा चालतील. माईक नको.

आरेकरीण
बिबट्याबद्दल पालकांशी आधी बोला, आणि मुलं समोर असतानाच बोला. लपवलं की भीती वाढते.

उद्यानात आणि लगतच्या रानात मिळून पन्नासच्या आसपास बिबटे असावेत असं कॅमेरा ट्रॅपच्या (जंगलात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मोजण्यांतून आलंय. ते माणसाला टाळतात. वस्तीकडे येतात ते बहुतेक भटक्या कुत्र्यांसाठी, आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यासाठी. म्हणजे धडा सोसायटीच्या कचराकुंडीपासून सुरू होतो. २००४ साली मुंबईत हल्ले फार वाढले होते. "पकडा आणि लांब सोडा" हा सगळ्यांना सुचणारा उपाय, पण त्यानेच त्रास वाढतो हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर भागातल्या अभ्यासातून दाखवलं. २०११ला वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) सुरू केलं, त्यांनीही हेच घरोघरी सांगितलं: पिंजरा मागू नका, उजेड ठेवा, कचरा उचला, अंधारात लहान मुलांना एकटं सोडू नका. रात्री बाहेर पडावंच लागलं तर मोबाइलवर गाणी लावून चालायचं, आपण आलोय हे बिबट्याला कळू द्यायचं.

उद्यानाला लागून असलेल्या आमच्या आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं. शेंदूर लावलेली कोरीव मूर्ती, वर्षाला पूजा. पाड्यावरच्या एका आजींना मी विचारलं होतं, भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, "तो त्याच्या वाटेनं जातो, आपण आपल्या." जमलं तर पाड्यावरच्याच कोणाला तरी मानधन देऊन सोबत घ्या. फुकट नको. त्यांना झाडाच्या नावाबरोबर त्याची भाजी कधी खायची हेही ठाऊक असतं.

निवृत्त_मास्तर
छत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्या भांडवलावर दोन शब्द.

नावं पाठ करून घेऊ नका. "हा कोण?" पेक्षा "हा काय करतोय?" हा प्रश्न बरा. आत्ता सप्टेंबर संपत आलाय, सागाची पानं बघा. जाळी झालेली असेल, शिरा तेवढ्या शिल्लक. मुलं म्हणतील झाड आजारी आहे. उत्तर देऊ नका, पान उलटं करून बघायला सांगा. एका छोट्या पतंगाच्या अळ्या ते खातात, आणि त्या अळ्यांवर पक्षी टपलेले असतात. कोवळं पान गळून पडलेलं मिळालं तर बोटांत चोळा. बोटं लाल होतात. आता चाळिशीत असलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना गतीचे नियम आठवत नाहीत, ती लाल बोटं आठवतात.

दुसरं, दहा मिनिटं बसणं. प्रत्येकाने एकमेकांपासून दहा पावलांवर, तोंड बंद. वहीत मधोमध फुली मारायची, ती म्हणजे आपण. आवाज येईल त्या दिशेला खूण करायची. तांबटाची टुक-टुक असेल तर ठिपके, कोतवालाला वाकडी रेघ, विमानाला विमान. विमानंही निघतात, निघू द्या.

तिसरं कारवी, डोंगरउतारावरचं झुडूप. बोरिवलीच्या डोंगरावर ती २०१६ला फुलली, मग २०२४ला. आठ वर्षांतून एकदा सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. वाळलेल्या काठ्या पाड्यावरच्या घरांच्या कुडाला लागतात, वरून शेणाचा गिलावा. पुढचा बहार २०३२ला. आज दुसरीत असलेलं पोर तेव्हा आठवी-नववीत असेल. तारीख त्याच्याच हाताने वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

बोरिवलीचा_बंड्या
मी जरा वेगळं सुचवतो. जंगलापासून सुरुवात करूच नका, नाल्यापासून करा.

चिमणीताई, तुमच्या भागातून जो "नाला" वाहतो ती दहिसर नदी. उगम तुळशी तलावाकडचा. तुळशी १८७९चा, शेजारचा विहार १८६०चा, दोन्ही तलाव उद्यानातच. आज मुंबईच्या पाण्यात त्यांचा वाटा अगदी थोडा, पण नदी तिथूनच निघते. उद्यानात खडकांवरून वाहते तेव्हा तळ दिसतो. गेटाबाहेर पडून अर्धा तास चाललात की नाक धरावं लागतं. तीच नदी! मुलांना आधी खालचा पूल दाखवा, मग वर चालत न्या. काचेच्या दोन बरण्या न्या, एक आत भरा, एक बाहेर. मागे पांढरा कागद धरला की भाषण लागत नाही.

रानवेडा
@बंड्या, कल्पना एक नंबर, एक दुरुस्ती. उद्यानातून काहीही बाहेर आणायचं नाही. दगड नाही, पीस नाही, जिवंत किडे असलेलं पाणी तर नाहीच. आतली बरणी तिथेच बघा, फोटो काढा, पाणी जिथून घेतलं तिथेच ओता. मुलांनी स्वतःच्या हाताने ओतलं तर उत्तम. आणि बाहेरच्या पाण्यात हात घालू देऊ नका, बादलीला दोरी बांधून मोठ्यांनी काढा.

कांदेपोहे
वेगळा धागा काढलाय. तिथे कोणीच फिरकलेलं नाही :(

चाळीतली_चिमणी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो, वृत्तांत देते.

सकाळी सात वाजता पुलावर जमलो. चौदापैकी अकरा मुलं आली, दोघांची परीक्षा, एकाच्या आईने बिबट्यामुळे नाही सांगितलं. आमचे वॉचमन काका रात्रपाळी संपवून आपणहून सोबत आले, आणि खरं सांगायचं तर दिवस त्यांनीच गाजवला. मूळचे कोकणातले. "हा कुडा, याच्या शेंगांची भाजी करतात" असं म्हणत पुढे चालले, वाटाड्या दादा बघतच राहिले. तीन वर्षं आम्ही त्यांना फक्त गेट उघडायला सांगतोय.

बरणीचा प्रयोग झाला. आतल्या पाण्यात आधी काहीच दिसेना, मुलं हिरमुसली. मग एकीने कागद सरकवला तर तळाशी केसाएवढं काहीतरी पायांनी ढकलत चाललेलं. पुढची वीस मिनिटं अकरा डोकी त्या एका बरणीवर. ते काय होतं हे आम्हा कोणालाच सांगता आलं नाही. मास्तर, तुमचं ऐकलं, "काय करतंय" एवढंच विचारलं. "घर शोधतंय" असं एक उत्तर आलं. पाणी परत ओतताना भांडण, कोण ओतणार म्हणून.

बाहेरचं पाणी बादलीतून काढलं. कागद मागे धरला, पण कागद दिसलाच नाही.

गुडघेवाल्या काकू पुलापाशीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या लग्न होऊन बोरिवलीत आल्या तेव्हा याच पाण्यात गोधड्या धुवायच्या, खडकावर वाळत घालायच्या. माझा लेक त्यांना म्हणाला, "आजी, नाल्यात?" तर त्या म्हणाल्या, "नाला तुम्ही केलात रे." माझी मान खाली.

दहा मिनिटं बसणं जमलं नाही, चारच जमली. लेकाच्या वहीत सहा ठिपके, दोन विमानं आणि "आईचं पोट" असं निघालं.

आता मजा ऐका. मुलांनी सोसायटीच्या फलकावर "नाल्याकडचं गेट" खोडून "नदीकडचं गेट" लिहिलं. संध्याकाळी सेक्रेटरींचा फोन. नदी म्हटलं की पूररेषेचा विषय निघतो, २६ जुलै २००५चा पूर लोक विसरलेले नाहीत, फ्लॅटचे भाव पडतील, तेव्हा पुसून टाका. पुसलं. आज सकाळी बघते तर कोणीतरी परत लिहिलंय, या वेळी परमनंट मार्करने. अक्षर मुलाचं वाटत नाही.

पुढचा रविवार ठरलाय, तीच वाट. @आरेकरीण, पाड्यावरच्या कोणाला सांगायचं तर मानधन साधारण किती द्यावं? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.