रिचर्ड प्राइस: नऊ वर्षं सिनेमाने खाल्ली का?

चष्मेवाला
काल रात्री अमेरिकी कादंबरीकार रिचर्ड प्राइसची 'क्लॉकर्स' संपवली. एवढी जाडजूड असून शेवटी पानं पुरवून वाचली. मग प्राइसच्या पुस्तकांची यादी काढली आणि जीव हळहळला. 'द वॉन्डरर्स' १९७४ साली, चोविसाव्या वर्षी. १९८३ ला 'द ब्रेक्स', आणि त्यानंतर थेट १९९२ ला 'क्लॉकर्स'. मधल्या काळात काय, तर 'द कलर ऑफ मनी' आणि 'सी ऑफ लव्ह'च्या पटकथा. पहिलीला ऑस्कर नामांकन मिळालं, मान्य. पण दोन-तीन कादंबऱ्या बुडाल्याच ना?

खोडरबर
बुडाल्या नाहीत हो. पटकथांच्या निमित्ताने तो पोलिसांबरोबर हिंडायला लागला आणि 'क्लॉकर्स'चं डेम्प्सी शहर त्यातूनच आलं. नाव काल्पनिक, पण मूळ न्यू जर्सीतलं जर्सी सिटी. त्याआधीच्या पुस्तकांत तो बराचसा स्वतःचंच ब्राँक्समधलं आयुष्य उपसत होता. ती विहीर आटल्यावर माणूस काय करणार?

पुस्तकातच पाहा. रॉक्को क्लाइन हा निवृत्तीला टेकलेला खून-तपास अधिकारी. भूमिकेची तयारी म्हणून एक सिनेनट त्याच्या मागे-मागे फिरतो आणि हा गडी हुरळून जातो. आपल्यावर सिनेमा निघणार म्हणून! हे प्रकरण लिहायला सिनेवाल्यांत वावरलेला माणूसच हवा. मला तर ड्रग्ज विकणाऱ्या स्ट्राइक या पोराच्या अल्सरपेक्षाही रॉक्कोचं ते हुरळणं जास्त लागलं. (मी स्वतः मालिकांचे संवाद लिहितो, त्यामुळे जरा पक्षपाती आहे. पात्राच्या मनात काय चाललंय ते आम्हाला लिहिता येत नाही, बोलण्यातून चोरून आणावं लागतं. प्राइसचे संवाद वाचताना ती सवय जाणवते.)

चष्मेवाला
नटाचा भाग मी विनोद म्हणून वाचून पुढे गेलो होतो. परत काढतो. 'क्लॉकर्स'वरचा सिनेमा बघू का?

खोडरबर
बघा, पण पुस्तक विसरून. आधी दिग्दर्शक स्कोर्सेसी करणार होता. तो 'कसिनो'कडे वळला आणि १९९५ ला स्पाइक लीने केला. गोष्ट ब्रुकलिनला नेली, आणि तिचं वजन रॉक्कोकडून स्ट्राइककडे सरकलं. त्यापेक्षा 'द वायर' ही मालिका बघा, प्राइसने तिचे काही भाग लिहिलेत.

अर्धवट वाचक
उशिराचं खापर सिनेमावर कशाला? एकदा प्राइसनेच ठरवलं, टोपणनावाने एक चटपटीत पोलिसी कादंबरी झटपट हातावेगळी करायची. तिलाही नेहमीसारखीच वर्षं लागली. २०१५ ला 'द व्हाइट्स' आली तेव्हा मुखपृष्ठावर दोन्ही नावं: हॅरी ब्रँट या नावाने लिहिणारा रिचर्ड प्राइस! पुढची 'लाझरस मॅन' थेट २०२४ ला.

चष्मेवाला
हाहा. मग दोघं मिळून तरी लवकर लिहायचं ना.