लायपोसक्शन जुलैअखेर केलं तर चवथीपर्यंत उभी राहीन का?

देवगडची_सून:
वय ३९, दोन सिझेरियन. चालते, भात निम्म्यावर आणला, बाकी अंग उतरलं, पण बेंबीखालचा टायर जागचा हलत नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी लायपोसक्शन सुचवलंय. चवथीला घरात पंचवीस माणसं आणि मोदक माझ्याकडे. जमेल का? दुखतं किती? जाहिरातीतलं नको, खरं सांगा.

रत्नागिरीची_मावशी:
मी दोन वर्षांपूर्वी केलं, तेही कोल्हापूरलाच. ऑपरेशनचं काही नाही, आपण झोपलेल्या. सलाइनमध्ये भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनलिन घालून ते पोटाच्या कातडीखालच्या चरबीत भरतात, म्हणजे रक्त कमी जातं. मग बारीक नळीने चरबी ओढतात. पण भरलेलं पाणी नंतर टाक्यांतून झिरपतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरी येताना आंबा घाटात सीट भिजली, अगदी कोकमाच्या आगळासारखं लालसर. भावाचा चेहरा पांढराफटक. हॉस्पिटलात फोन लावला तर पलीकडची बाई म्हणते, "होतं तसं एक-दोन दिवस." अगं, मग आधी सांगायचं ना! गाडीत प्लास्टिक आणि जुनी चादर घ्या.

दुखणं म्हणजे भातलावणीनंतर अंग धरतं तसं, वर कुणी बडवून काढल्यासारखं. आठवड्याने मी ऑफिसात बसले, पण खाली वाकवत नव्हतं. पोट जांभळं, मग पिवळं. तिसऱ्या आठवड्यात टेप लावली तर कंबर आधीपेक्षा जास्त! रडले. ती सूज होती. आकार दिसायला तीन महिने गेले, आणि पोटाला हात लावला की दुसऱ्याच्या पोटाला लावल्यासारखं वाटायचं, ते त्याहून जास्त दिवस. वजन म्हणाल तर जेमतेम दोन किलो.

आणि तो नंतर पोटाला बांधायचा पट्टा. घट्ट, रात्रंदिवस, मला सहा आठवडे सांगितला होता. मी नोव्हेंबरात केलं तरी घामोळं आलं. जुलैत दोन पट्टे घेतलेत तरी एकही वाळायचा नाही, कुबट वासाचा ओला पट्टा टाक्यांवर बांधणार का?

एक विचारून घ्या: चिमटीत येते ती चरबी निघते. आतड्यांभोवतीची निघत नाही, आणि सिझेरियनच्या टाक्यावर लोंबणारी कातडी तर उलट जास्त सैल दिसते. तिला टमी टक, म्हणजे जास्तीची कातडी कापून काढणं, ते मोठं ऑपरेशन.

पेजवाला_काका:
सकाळी पेज प्या आणि समुद्रावर चाला, पैसे वाचतील.

रत्नागिरीची_मावशी:
काका, ती चालतेच आहे. वाचा तरी.

सिस्टर_कणकवली:
सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे ना, भूलतज्ज्ञ स्वतः हजर असणार ना, हे विचारा. पाच लिटरच्या वर काढणार असतील तर रात्रभर हॉस्पिटलात ठेवायलाच हवं. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून घाटात मध्ये उतरून चाला. एका पायाची पोटरी सुजली किंवा दम लागला तर ग्रुपवर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. मेडिक्लेम धरू नका, सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनला तो सहसा मिळत नाही. आणि मिश्री लावत असाल तर आधीच सांगा. तंबाखूच ती, जखम भरू देत नाही.

देवगडची_सून:
पट्ट्याचं वाचून नवऱ्याला दाखवलं, आता दिवाळीनंतर. मोदक करीन मी. मिश्री... लावते. डॉक्टरांनी सिगरेटचं विचारलं होतं, मी नाही म्हटलं.