'मला पोर्ट्रेट केलं' म्हणजे नेमकं काय केलं?

कानामात्रा: काल सातारी ताईंनी लिहिलं, 'सासरच्यांनी मला व्हिलन पोर्ट्रेट केलं.' कुणी टोकलं, तर वर 'भाषा बदलते, तुम्हीही बदला.' ताई, सासरचं ठीक आहे, पण पोर्ट्रेट म्हणजे चित्र. क्रियापद पोर्ट्रे. अठरा वर्षं प्रुफं तपासतोय, दर आठवड्याला हे 'पोर्ट्रेट केलं' खोडतोय. 'रंगवलं' घरात असताना उसनवारी कशाला?

चारकोल: खोडू नका हो! आम्ही रोज पोर्ट्रेट करतो. 'आज कुणाचं पोर्ट्रेट केलंस?' यात काय चुकलं?

कानामात्रा: 'कुणाचं' म्हणालात ना, तिथेच मेख आहे. 'माझं पोर्ट्रेट केलं' म्हणजे समोर बसवून चित्र काढलं. 'मला पोर्ट्रेट केलं' म्हणजे काहीच नाही.

आगाऊ: काहीच नाही, तर तुम्हाला कळलं कसं? 'चं'च्या जागी 'ला' आला आणि अर्थ बदलला. सोय मराठीनेच केली. पेशंटला ॲडमिट करताना इंग्रजी व्याकरण कोण उघडतं? आणि हे घ्या: इंग्रज कवी स्पेन्सरने १५९० साली छापलेल्या पत्रात आर्थरच्या रूपात शूर सरदार 'पोर्ट्रेट' करायची धडपड सांगितलीय. क्रियापद म्हणूनच.

विंगेतली: ते राहू द्या. 'भूमिका साकारली' हे खूळ कुणी काढलं? आम्ही 'काम केलं' म्हणायचो. स्पर्धेत मी म्हाताऱ्या आत्याचं काम केलं, तर पेपरात 'आत्या साकारली'!

आगाऊ: बरोबरच आहे. स्वप्न नाही का साकारत?

विंगेतली: स्वप्न आपलं आपण साकारतं. मी तीन आठवडे घरात पोक काढून वावरले. नवऱ्याने बाम चोळलाय. आणि म्हणे साकारली!

चारकोल: मग 'वठवली' म्हणा.

विंगेतली: झाडसुद्धा वठतं. नको.

कानामात्रा: धागा कशावर होता? असो. स्पेन्सर मान्य. ताई सोळाव्या शतकातलं इंग्रजी लिहितात हे माझ्या लक्षात आलं नाही, क्षमस्व.

आगाऊ: कुजकेपणा नको. चुकलो म्हणा, संपलं.

कानामात्रा: अर्धा चुकलो. 'रंगवलं' का नको, ते कुणी सांगितलंच नाही.

सातारी: मी सांगते. 'सासरच्यांनी मला रंगवलं' लिहिलं असतं, तर पहिला फोन आईचा आला असता, 'कुणी हात उचलला गं?' आमच्याकडे थोबाड रंगवतात.